गाडी जड झालीय, वहिनी!

आमच्या घरात दोन वह्या वर्षानुवर्षं चालत आल्यात. एक दुधाची आणि दुसरी डिझेलची. दुधाच्या वहीवरून आजवर कधी भांडण झालं नाही. डिझेलच्या वहीनं मात्र गेल्या पावसाळ्यात माझी चांगलीच परीक्षा घेतली. त्याचीच ही गोष्ट.

आम्ही कामशेतचे. आमचे हे तळेगावला नोकरीला. मी गेली काही वर्षं जेवणाच्या ऑर्डरी घेते. लोणावळ्याला बंगल्यांवर उतरणारे ग्रुप असतात, त्यांना घरचं जेवण हवं असतं. पिठलं-भाकरी, मासवडी, इंद्रायणीचा वाफाळता भात. हे सगळं डबे-पातेल्यांत भरून आमच्या सात सीटच्या डिझेल गाडीतून कार्ला फाटा, वळवणमार्गे लोणावळ्याला पोचवायचं. कधी खंडाळ्याला, आणि चार पैसे जास्त मिळणार असतील तर घाट उतरून खोपोलीलाही. गाडी जुनीच घेतली होती. महिन्याला साधारण पंधराशे किलोमीटर होतात.

आणि गाडी चालवायला आमचे मामा. सख्खे कोणी नव्हेत, पण आठ वर्षं घरात वावरलेला माणूस. पवनानगरच्या पुढचं त्यांचं गाव, थोडी भातशेती. माझ्या धाकटीला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं ते मामांनीच.

तर झालं काय, जुलैमध्ये वहीत महिन्याची बेरीज मारली आणि मी पेन खाली ठेवलं. मे महिन्यात 40 लिटरला 492 किलोमीटर, म्हणजे लिटरला 12.3. आणि जुलैत 41 लिटरला 373 किलोमीटर. भागाकार तीनदा केला. 9.1! लिटरमागे तीन किलोमीटर गेले कुठे? नव्वद रुपये लिटर धरलं तरी महिन्याला पावणेचार हजारांच्या वर फटका. मोठीच्या क्लासची फी निघते हो तेवढ्यात.

जेवताना विषय निघाला. भाऊजी आले होते. त्यांनी भाताचा घास घेता घेता सांगून टाकलं, "वहिनी, डिझेल कुठं जातंय हे काय विचारायचं? टाकीतून कॅनमध्ये." ह्यांनी मान हलवली नाही, पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. आणि मी? मला राग आला, पण तो भाऊजींचा यायला हवा होता, तो आला मामांचा. एकदा मनात शिरलं की सगळं तसंच दिसायला लागतं. मामा परवा उशिरा आले ते का? पंपावर मला न विचारता का गेले?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "मामा, आजपासून पंपाची पावती मला देत जा. आणि किलोमीटरचा फोटो काढून पाठवत जा." आवाज अगदी साधा ठेवला होता मी. पण आठ वर्षांत कधी न मागितलेली पावती आज मागते याचा अर्थ न कळायला तो माणूस काही खुळा नव्हता. काही बोलले नाहीत. त्या दिवशीचे डबे पोचवले, भांडी उतरवून दिली, आणि ओट्यावर चावी ठेवून म्हणाले, "वहिनी, लावणीचे दिवस आहेत. येतो मी." गेले.

मी गाडी शिकलेले होते, लायसन्स होतं, पण घाटरस्त्याला हात लावला नव्हता. ऑर्डरी तर घेतलेल्या. मग काय, देवाचं नाव घेतलं आणि बसले. अकरा दिवस मीच चालवली. टाकी मीच भरायची, चावी माझ्या कमरेला, रात्री गाडी फाटकाच्या आत. अकरा दिवसांनी हिशेब केला. 338 किलोमीटर, 37 लिटर.

9.1.

त्या आकड्याकडे बघून माझ्या पोटात जे कालवलं ते लिहून सांगता येणार नाही. चोर नव्हताच कोणी. आणि त्याहून वाईट म्हणजे एक जुनी गोष्ट आठवली. जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, मामा अंगणात चहा पिताना म्हणाले होते, "वहिनी, गाडी जड झालीय. मोकळी पळत नाही. दाबून चालवावी लागतीय." मी तेव्हा भाकऱ्यांचं पीठ मोजत होते. "हो का, बघू," म्हटलं आणि विसरले.

लगेच मामांकडे धावत जायला हवं होतं. गेले नाही. रिकाम्या तोंडानं काय जाणार? गाडीला काय झालंय हे तरी कळू दे, असं म्हणून मी आधी गाडी गॅरेजला नेली. (खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटत होती.) गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि म्हणाला, इंजेक्टर गेलेत, चारही बदलावे लागतील, बावन्न हजार. गाडी चालवूनसुद्धा बघितली नाही त्यानं. डॉक्टरनं नाडी न बघता ऑपरेशन सांगावं तसं झालं हे. "ह्यांना विचारून सांगते," असं म्हणून निघाले. बायकांना हे एक बरं असतं, कुठूनही सटकायला "ह्यांना विचारते" पुरतं!

माझ्या बहिणीची मुलगी मेकॅनिकलची डिप्लोमा होल्डर, चाकणला गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. रविवारी आली तर पहिलं वाक्य हे, "मावशी, काही बदलायचं नाही. आधी मोजायचं." आणि तिनं माझी वहीच तपासायला घेतली. अर्धवट टाकी भरून काढलेलं अ‍ॅव्हरेज खोटं असतं, म्हणाली. टाकी पूर्ण भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की तिथंच थांबायचं, पुढे "साहेब, राउंड फिगर करू का?" याला नाही म्हणायचं. किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशिनवर तसंच पूर्ण भरायचं. जेवढं बसलं तेवढं जळलं. दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्यायची. माझी पद्धत बरोबर निघाली याचा मला उगाचच अभिमान वाटला.

मग पंप. मापात मारतात का ते बघायचा हक्क आपल्याला असतो, हे मला माहीतच नव्हतं. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं. मागितलं की त्यात पाच लिटर ओतून दाखवायचं. मी मागितलं तेव्हा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला, मागे रांगेतला रिक्षावाला हसला. पण मॅनेजरनं माप आणलं, आणि डिझेल रेघेला रेघ आलं. पंपाला उगाच बोल लावला नाही ते बरं झालं.

मग ती टायरपाशी बसली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला एक छोटा स्टिकर असतो, त्यावर हवा किती हवी ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीला 32, आणि होती 26. एका चाकात तर 24. ती गाडी थंड असताना मोजायची, चालवून आल्यावर टायर तापतात आणि आकडा फुगीर येतो. कमी हवेची गाडी म्हणजे ओल्या वाळूत चालल्यासारखं. एअर फिल्टर काढला तर मार्च-एप्रिलची सगळी मावळची धूळ त्यात बसलेली. नवा साडेचारशेला आला. टपावरचं कॅरियर तिनं उतरवायला लावलं. मे महिन्यातल्या लग्नांसाठी लावलेलं, ते रिकामंच वारा अडवत फिरत होतं. मागून धूर पाहिला. काळा धूर येत असता तर हवा कमी मिळतेय, म्हणजे फिल्टर किंवा टर्बोचा होस पाइप फाटलाय, नाहीतर इंजेक्टर असं काहीतरी असतं, म्हणाली. धूर नव्हता. इंजेक्टरवाल्याचे बावन्न हजार तिथंच निम्मे वाचल्यासारखे वाटले.

एवढं करून पुढची टाकी भरली, तर 9.8. फरक पडला, पण पोट भरलं नाही.

आता घाटाचं थोडं सांगते, कारण भाऊजींनी मध्येच "अहो घाट चढायचा म्हणजे डिझेल जाणारच" असं तत्त्वज्ञान काढलं होतं. भाचीनं कागदावर मांडून दाखवलं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. खोपोली पायथ्याशी. दोन टनांची भरलेली गाडी साडेपाचशे मीटर वर उचलायची तर रस्ता सपाट असता त्यापेक्षा जवळजवळ एक लिटर डिझेल जास्त लागतं. फक्त उचलायला! रेल्वेनंही हाच हिशेब केलेला. 1863 साली बोरघाटातून गाडी सुरू झाली तेव्हापासून हा चढ इंजिनांना घाम फोडतोय. 37 फुटांना एक फूट चढण. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात ती आपण सगळ्यांनी पाहिलीत, वडापाव खाता खाता. पण आम्ही खोपोलीला महिन्यातून दोनदा जातो. दोन लिटर तिथले. चाळीस लिटरांचा खड्डा त्यानं भरत नाही.

आणि उतरताना? आमच्याकडे पुष्कळ जण घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणून. भाची यावर फार चिडली. नव्या धाटणीच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली तर इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर. ते तापतात, आणि मग धरत नाहीत. घाटातल्या तसल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतोच. मामा कधीच न्यूट्रल करायचे नाहीत. आमचे हे करतात. असो.

शनिवार-रविवारचं लोणावळं ही आणखी एक गोष्ट. भुशी डॅमच्या रस्त्याला पावसाळ्यात अडकलं की दीड-दोन तास जागचं हलायचं नाही, आणि एसी लावून उभी गाडी तासाला पाऊण-एक लिटर पिते. शून्य किलोमीटरला! पण हे तर दर वर्षीचं आहे. मागच्या जुलैचं पान काढलं तर तिथं 11.6 लिहिलेलं. म्हणजे पावसाळा आणि गर्दी यांचा वाटा अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा. बाकीचं काय? जुनी वही जपून ठेवल्याचा असा उपयोग होतो.

जाहिरातीतला आकडा मी तिला दाखवला, तेव्हा ती हसली. पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय म्हणून संस्था आहे, 1966 सालची. अशा ठिकाणी प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगानं, ठरलेला वेळ चालवून तो आकडा काढतात. सगळ्या गाड्यांना सारखी परीक्षा, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला. पण तिथं ना खड्डे, ना कार्ला फाट्याची गर्दी, ना मागे वीस किलोचं भाताचं पातेलं. आपल्या गाडीची तुलना आपल्याच गाडीच्या मागच्या वर्षाशी करायची.

मग एका संध्याकाळी ती माझ्याबरोबर लोणावळ्याला आली. येताना रिमझिम होती. घरी पोचलो, मी सवयीनं हँडब्रेक खर्रकन ओढला, उतरले. आणि ती खाली वाकून म्हणाली, "मावशी, इकडे बघ."

तीन चाकांवरून पाणी निथळत होतं. मागच्या डाव्या चाकातून वाफ निघत होती.

तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यावर येते ना, तशी. जवळ हात नेला तर धग लागत होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमचा मोत्या! पावसाळाभर गाडी आली की तो पळत जाऊन नेमका त्याच डाव्या चाकाला पाठ लावून झोपायचा. आम्ही म्हणायचो, बघा, किती जीव गाडीवर. जीव कसला, शेकोटी मिळत होती त्याला!

सकाळी तिनं सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकटीनं ढकलून बघितली. हललीच नाही. मी लावला जोर, तेव्हा कुरकुरत हातभर सरकली. बिघाड कळला. हँडब्रेकची वायर तिच्या नळीत गंजून अडकली होती. लिव्हर खाली सोडला तरी मागे वायर सैल होत नव्हती, लायनर ड्रमला घासतच राहायचे. ब्रेक लावून गाडी ओढत होतो आम्ही, महिनाभर, लोणावळ्यापर्यंत आणि परत.

आणि वायर गंजली का? आमचं अंगण उताराचं. गाडी घरंगळेल म्हणून "मामा, हँडब्रेक ओढलात का? नीट ओढा," हे रोज ओरडून सांगणारी मीच. मामा म्हणायचे, "गिअरात ठेवतो, चाकाला दगड लावतो, पावसाचं हँडब्रेक ओढून ठेवू नये." मी म्हणायचे, "दगडाचा काय भरवसा!" मावळातला पाऊस, चार-चार दिवस उभी गाडी, ताणलेली वायर आणि ओल. दुसरं काय होणार?

एवढ्यावरही थांबली नाही ती पोरगी. येताना तिनं तापमानाचा काटा बघून ठेवला होता. कामशेत ते लोणावळा अर्धा तास चालूनही तो मधोमध येत नव्हता, खालीच रेंगाळत होता. मला तर काटा खाली म्हणजे गाडी थंड, छान, असंच वाटायचं. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन गरम होईपर्यंत ती रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरते. आमची उघडीच अडकली होती. म्हणजे झाकण न ठेवता डाळ शिजवण्यासारखं. इंजिनला वाटायचं आपण अजून गारच आहोत, आणि ते जास्त डिझेल मागायचं. मैत्रिणींनो, काटा लाल रेषेकडे गेला की आपण घाबरतो, पण तो कधीच वर येत नसेल तर तेही दुखणंच आहे.

दुसऱ्या गॅरेजात गेलो. या वेळी काय झालंय ते मीच सांगितलं. वायर, लायनर, मजुरी धरून चौतीसशे. थर्मोस्टॅट अकराशे. नवीन गाडी असलेल्यांसाठी भाचीनं आणखी एक सांगितलं, ते इथंच लिहून टाकते. एप्रिल 2020 नंतरच्या, म्हणजे बीएस सहाच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरवली तर ती चोंदते, आणि ती जाळून साफ करायला गाडी जादा डिझेल वापरते. अशा गाडीला अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग हायवेला पळवायची. भाजी आणायला एवढी मोठी गाडी काढू नये हे तर मी माझ्या पदरचं सांगते.

गाडी घेऊन मी पवनानगरच्या रस्त्याला लागले. एकटीच. धरण भरत आलं होतं, दोन्ही बाजूंना लावणी चाललेली. मामा गुडघाभर चिखलात होते. मला गाडीतून उतरताना बघितलं, पण हातातली जुडी संपेपर्यंत वर आले नाहीत. मामी घरातून चहा घेऊन आल्या. बांधावरच उभं राहून मी सगळं सांगितलं. भाऊजी जे म्हणाले तेही सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं हेही. तेवढं सांगताना आवाज फुटेना.

मामांनी चहा संपवला. कप मामींना दिला. म्हणाले, "मी म्हणलं होतं गाडी जड झालीय."

"हो मामा. म्हणाला होतात."

"दगड कुठाय?"

"कसला दगड?"

"चाकाला लावायचा. टाकून दिला असंल तुम्ही."

टाकून दिला होता. मी खाली बघितलं. मग ते पहिल्यांदा हसले. "लावणी उरकू द्या. चार दिवसांनी येतो. पण वहीत आता मी बी लिहिणार."

सहाव्या दिवशी आले. येताना ओढ्यातला एक चपटा दगड घेऊन आले होते, तो आता फाटकाशी असतो. मोत्या हल्ली पडवीत झोपतो. आणि वहीत माझ्या आकड्यांच्या खाली, गिचमिड अक्षरात, पहिली नोंद आहे: 476 कि.मी., 40 लिटर. 11.9. गाडी मोकळी.